चौथऱ्यावरची सीट

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. वेगाने पळणाऱ्या, महागड्या, दोनच माणसांच्या मोटारीची सीट. तुम्ही विचाराल, मग किती गावं पाहिलीस? एकही नाही. माझ्याखाली कधी चाक फिरलं नाही. मी जन्मभर एका शोरूममध्ये लाकडी चौथऱ्यावर बसून राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला भुरळ पाडत राहिले. ते काम मी चोख केलं आणि तेच आज माझ्या मनाला खात असतं.

माझा जन्म भट्टीतला. काळ्या धाग्यांच्या कापडाचे थर एकावर एक दाबून बसवले आणि मोठ्या भट्टीत भाजले, तेव्हा माझं कवच तयार झालं. दगडासारखं टणक, पण एका हाताने उचलावं इतकं हलकं. मग मी शिवणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी माझ्या उशांवर लाल धाग्याची शिवण घातली. प्रत्येक टाक्यावरून त्या अंगठा फिरवायच्या आणि जिथे अंगठा अडला तिथे उसवून पुन्हा शिवायच्या. "कुणाच्या तरी पाठीला लागायचंय हे," असं स्वतःशीच पुटपुटायच्या. न पाहिलेल्या माणसाच्या पाठीची एवढी काळजी करणारं माणूस मला नंतर फारसं भेटलं नाही.

माझ्या बहिणी गाड्यांमध्ये बसून निघून गेल्या. माझी रवानगी नमुना म्हणून शोरूममध्ये झाली. तिथे तीन गाड्या उभ्या असायच्या, छोटी, मधली आणि मोठी. माझ्या गळ्यात तीन बाजूंची एक फिरती पाटी अडकवली होती, एकेका बाजूवर एकेका गाडीसाठी माझी किंमत. गिऱ्हाईक ज्या गाडीपाशी रेंगाळेल, त्या गाडीची बाजू मॅनेजर हळूच पुढे फिरवायचे. छोट्या गाडीत मी हवी असेल तर वर भरपूर पैसे. मधल्या गाडीत मीच हवी असेल तर त्याहून जास्त. मोठ्या गाडीत मात्र मी किमतीतच मिळायची, वेगळा पैसा नाही. शिवण तीच, भट्टी तीच, मीही तीच.

सुरुवातीला मला याची मौज वाटायची. पाटी फिरली की माझा भाव वाढला म्हणून मी फुशारून जायची. एकदा कुणीतरी मॅनेजरना विचारलं, मधल्या गाडीला ही महाग का? ते हसून म्हणाले, "मधली घेणारा असं विचारत नाही." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाटी माझी किंमत सांगतच नव्हती. समोरच्या माणसाचा खिसा किती खोल आहे, याचा तो अंदाज होता.

बाकीच्या वस्तूंचीही तीच गत. पट्टा लाल हवा, तर पैसे. डोक्यामागे गाडीचं चिन्ह हवं, तर पैसे. मागच्या बाजूला लिहिलेलं गाडीचं नाव नको असेल, तर ते न लिहिण्याचेही पैसे! आणि माझ्याबाबतीत तर कमालच होती. छोट्या गाडीत मुळातच एक साधी सीट यायची. मऊ, रुंद, बटण दाबलं की वरखाली होणारी. मी घेतली की ती जायची, पण तिचे पैसे कुणी वजा करत नसे. माणूस जास्त पैसे देऊन कमी वस्तू घरी न्यायचा, आणि आनंदाने न्यायचा.

आता माझ्या चौथऱ्याचं सांगते. तो जेवणाच्या खुर्चीएवढा उंच होता, म्हणजे आलेल्या कुणालाही पटकन टेकता यावं. गाडीत माझी जागा जमिनीपासून जेमतेम वीतभर. त्यातून माझ्या कडा उंच, बसणाऱ्याला दोन्ही बाजूंनी आवळून धरणाऱ्या. हे कुठे लपवलेलं नव्हतं आणि कुठे लिहिलेलंही नव्हतं. सगळे कसे चौथऱ्यावर टेकायचे, "वा!" म्हणायचे आणि उठायचे.

शोरूममध्ये विक्रीचं काम एक तरुण मुलगी करायची. मॅनेजरपासून मिस्त्रीपर्यंत सगळे तिला ताई म्हणायचे. बोलायला गोड, कामाला वाघ. तिच्याकडे एके दिवशी एक म्हातारं जोडपं आलं. काका-काकूंनी सारी हयात बेकरी चालवली होती आणि आता ती विकून टाकली होती. पहाटे पीठ मळायचं, संध्याकाळी दमून झोपायचं, यात दोघांना एकत्र फिरायला म्हणून कधी जमलंच नव्हतं. काकूंचे दोन्ही गुडघे गल्ल्यामागे उभं राहून राहून गेलेले. ऑपरेशन झालं होतं, तरी पाय पुरता वाकत नव्हता.

"आयुष्यभर ही उभी होती," काका ताईला म्हणाले, "आता हिला बसवून नेणार आहे. समुद्राच्या कडेकडेने. एवढा एकच वेडेपणा करायचाय बघा."

"वेडेपणा मोठ्या गाडीचा नाही, छोटीचाच," काकूंनी लगेच बजावलं.

छोटी डेमो गाडी बाहेर उभी होती. तिच्यात साधी सीट होती. काकूंनी बटण दाबून ती वर घेतली, बसल्या, उतरल्या, काही अडलं नाही. मग आपल्या गाडीत काय काय हवं ते ठरवायला तिघं आत आली, माझ्यापाशी. काकांनी माझ्या पाठीवर टकटक केली. मी भट्टीतून निघाले आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा फुलला, जशी मी त्यांच्याच बेकरीतली. पाटीवरची किंमत वाचून मात्र त्यांनी डोळे मोठे केले.

"आम्ही तीळ लावलेल्या पावाला जास्त घ्यायचो. पण तीळ काढून दिल्याचे जास्त घेतले असते, तर गिऱ्हाइकानं पाव तोंडावर मारला असता!"

काकू हसत हसत माझ्यावर टेकल्या. माझ्या कडांनी त्यांच्या दुखऱ्या कमरेला दोन्हीकडून आधार दिला. त्यांनी डोळे मिटले. "अहो, किती बरं वाटतंय कमरेला," त्या म्हणाल्या. झालं! काकांचं तिथेच ठरलं.

उठताना काकूंनी माझ्या दोन्ही कडांवर हात रोवले आणि सगळा भार हातांवर घेतला. तो भार मला कळला. ताईलाही दिसला. ती काकूंच्या गुडघ्यांकडे पाहत राहिली, तिचं तोंड उघडलं. तेवढ्यात काचेच्या खोलीतून मॅनेजर बाहेर आले. "काकूंना शोभून दिसते हो," म्हणाले आणि पाटी सरळ केली. जास्तीच्या वस्तू जितक्या खपतील तितका ताईचा वाटा मोठा असायचा. ताईने तोंड मिटलं. मला तर तोंडच नाही, पण त्या क्षणी ते असतं तरी मी उघडलं असतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण काकूंना मी आवडले होते, आणि आपण आवडलो की आपल्यातलं वाईट सांगावंसं कुणाला वाटतं?

कारखान्यात गाडीचं काम सुरू होईपर्यंत ऑर्डरीत बदल करता येतो, एकदा सुरू झालं की नाही. त्या काळात ताईने माझ्यासमोर कितीदा तरी फोन उचलला, बोटाने नंबर काढला आणि फोन पुन्हा ठेवून दिला. मग एके सकाळी मॅनेजरनी "बेकरीवाल्यांची गाडी कामाला लागली" असं सांगितलं.

गाडी आली, आत माझ्या दोन बहिणी बसवलेल्या. काकूंनी नवीन ओढणी घेतली होती, वाऱ्याने केस उडू नयेत म्हणून. ताईने दार उघडलं. काकूंनी एक पाय आत टाकला आणि थांबल्या. खाली बसायला गुडघा वाकेना, उंच कडेवरून मांडी सरकेना. काकांनी हात दिला, मिस्त्रींनी पाठ धरली. कशाबशा त्या आत धपकन बसल्या आणि मग त्यांना उठताच येईना. शेवटी मिस्त्री आणि ताईने दोन्ही काखांत हात घालून त्यांना बाहेर ओढलं. सगळं शोरूम बघत होतं. ओढणी खाली पडली होती.

"राहू द्या," काकू हसून म्हणाल्या, "मी आपली उभीच बरी."

काकांनी काकूंच्या बाजूला साधी सीट बसवून द्या म्हणून विनंती केली. मॅनेजरनी आकडा सांगितला. तो माझ्याही किमतीच्या वर होता. "पण ती तर गाडीत तशीच मिळत होती ना?" काकांनी विचारलं. "तेव्हा ती गाडीचा भाग होती, काका. आता तो सुटा भाग आहे." मित्रांनो, माझ्या पाटीला तीनच बाजू होत्या, साध्या सीटची ही चौथी बाजू कुठेच टांगलेली नव्हती. काका एकटेच गाडी घेऊन गेले. काकू टॅक्सीने गेल्या.

पुढे एका दुपारी गाडी धुवायला आणली तेव्हा दोघं आत येऊन बसली. काका बाकावर, काकू माझ्यावर. चौथऱ्यावर त्यांना बसता येत होतं ना! काकूंनी आजूबाजूला पाहिलं, कुणी नाही असं बघून ओढणी डोक्यावरून घेतली आणि हनुवटीखाली गाठ मारली. "चला," त्या म्हणाल्या. काका उठून माझ्या शेजारी उभे राहिले, हवेत स्टिअरिंग धरलं आणि तोंडाने गाडीचा आवाज काढू लागले. "डावीकडे समुद्र बघ." "बघतेय. हळू चालवा." माझी पाटी काकूंच्या कानाशी लोंबत होती, छोट्या गाडीची बाजू पुढे. मला त्या पाटीसकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

ताई काचेमागून हे बघत होती. ती बाहेर आली आणि काकूंच्या पुढ्यात खालीच बसली.

"काकू, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही उठलात तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस गं?"

ताईने माझ्या पाटीकडे पाहिलं. "आम्हीसुद्धा कधी कधी कालचा पाव आजचा म्हणून दिलाय," काकू म्हणाल्या. "पण दुसऱ्या दिवशी त्याच गिऱ्हाइकाला तोंड दाखवायचं असायचं. ते फार अवघड जायचं, बाळ."

"मलाही जातंय," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

त्या गाडीवर मिळालेला सगळा वाटा ताईने साध्या सीटच्या किमतीत घातला. उरलेली रक्कम मॅनेजरशी भांडून माफ करून घेतली, मिस्त्रींनीही बसवण्याची मजुरी सोडली. काकूंच्या बाजूची सीट बदलली. काकांच्या बाजूला माझी बहीण तशीच राहिली. दोन तऱ्हांच्या सीटांची ती गाडी विचित्रच दिसत असणार. मी आतून फक्त बटणाचा बारीक आवाज ऐकला, मग दार बंद झाल्याचा, आणि मग गाडी दूर जाताना.

त्यानंतर ताईने मिस्त्रींकडून माझा चौथरा कापून घेतला. मी जमिनीवर आले. लोक बसायला वाकायचे, कण्हायचे आणि हसत नाद सोडायचे. माझा खप घसरला. एके दिवशी मॅनेजरनी ताईची बदली केली आणि मला मागच्या कोठारात टाकलं. इथे माझ्यावर जुने टायर रचलेले आहेत. शिवणाऱ्या बाईंनी जिथे अंगठा फिरवला होता, तिथे आता धूळ आहे. मला तक्रार करायचा हक्क नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही कुणासाठी हौसेने काही घ्यायला जाल, तेव्हा त्या माणसाला सोबत न्या आणि ती वस्तू जिथे ठेवली जाणार आहे तिथल्याच उंचीवर त्याला बसवून बघा. तुम्ही विकणारे झालात, तर तुमचं तोंड उघडेल तेव्हा मिटू नका. मला तोंड नव्हतं. ताईने नंतर का होईना, उघडलं.

माझ्या बहिणींनी वेगाची वळणं घेतली असतील. मी एकदाच कुणाला फिरवून आणलं. काका तोंडाने आवाज काढत होते, काकूंनी ओढणीची गाठ घट्ट धरली होती, डावीकडे समुद्र होता. तेवढ्या वाटेवर काकूंनी दुसरा हात माझ्या कडेवर ठेवला होता, मला क्षमा केल्यासारखा. पण क्षमा मागणारं कुणी तिथे आहे, हे त्यांना कुठे माहीत होतं?