चोवीसच्या जागी चौदा

“आता तर विमानसुद्धा दिसेना,” ओकिनो म्हणाला आणि त्याने यंत्राच्या कुशीवर एक चापट दिली. पडद्यावरचे रंगीत चौकोन थरथरले आणि पुन्हा होते तिथे बसले.

“मारू नका हो त्याला,” निशिगाकी सायोको म्हणाली. यंत्रात टाकायचे नाणे तिच्या हातात तसेच होते.

“मारत नाही, बाई. थोपटतोय. पस्तीस वर्षांचं झालंय, थोपटायला नको?”

त्सुयामा गावातल्या ओकिनोच्या गेम सेंटरमध्ये डझनभर यंत्रे होती. शीतपेयांच्या विजेच्या फडताळाशेजारी, कोपऱ्यात होते ते ‘तोबिउओ’. तोबिउओ म्हणजे उडता मासा. त्या आकाराचे इवलेसे विमान समुद्रावरून वर वर न्यायचे, शत्रूच्या गोळ्या चुकवायच्या, आणि पाचव्या टप्प्यात एका सागरी किल्ल्याचे दार ओलांडायचे. त्या दाराने भल्याभल्यांना पाणी पाजले होते. हा खेळ आता फारसा कुठे उरला नव्हता, त्यामुळे ओसाकाहून, फुकुओकाहून माणसे सुटी काढून यायची, दिवसभर मार खायची आणि हसत परत जायची. सायोको गावातलीच. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचे जेवण रांधायचे आणि रविवारी दुपारी इथे येऊन मरायचे, हा तिचा सात वर्षांचा क्रम होता. इतक्या वर्षांत तिने ते दार तीनदा ओलांडले होते. तिन्ही वेळा पुढच्या मिनिटभरात तिचा निकाल लागला होता.

दोन पावले मागे, हातात कॉफीचा डबा धरून हिराइवा उभा होता. एकसष्ट वर्षांचा, पाणीपुरवठा कार्यालयातला कारकून. निवृत्त होऊन पुन्हा त्याच टेबलावर कमी पगारात बसलेला. नऊ वर्षांपूर्वी गळक्या नळाच्या तक्रारीसाठी तो इथे आला आणि मग येतच राहिला. कधी खेळला मात्र नाही. ओकिनो त्याला ‘फुकटचा प्रेक्षक’ म्हणत असे.

“दुरुस्तीवाला काय म्हणाला?” हिराइवाने विचारले.

“म्हणतो, आतली चिप मेली. सगळा खेळ तिच्यातच लिहिलेला असतो म्हणे. तसली दुसरी कुठून आणणार? कंपनी तर कधीच बुडाली.” ओकिनोने हात झटकले. “आता हा पेटारा भंगारात.”

सायोकोने नाणे पर्समध्ये टाकले आणि कोटाची बटणे लावली. एक बटण चुकीच्या काजात गेले, ते तिच्या लक्षात आले नाही. हिराइवाच्या आले.

“माझ्याकडे एक आहे,” तो बोलून गेला.

“काय आहे?”

“हाच खेळ. आतला सगळा भाग. घरी, कपाटात.”

ओकिनो त्याच्याकडे बघतच राहिला. “नऊ वर्षं इथे उभं राहून माझी कॉफी पिताय, आणि कपाटात हे?”

कपाटातली ती पेटी हिराइवाने पस्तीस वर्षांत उघडली नव्हती. सव्विसाव्या वर्षी तो ओसाकात, एका छत्र्यांच्या दुकानावरच्या खोलीत काम करायचा. नऊ माणसांची कंपनी. कोणत्या शत्रूने कधी आणि किती गोळ्या झाडायच्या, हे लिहिणे त्याच्याकडे होते. शेवटच्या आठवड्यात कोणीच धड झोपले नव्हते. किल्ल्याच्या तोफांच्या दोन फैरींमध्ये किती अंतर असावे, म्हणजे सेकंदाचे किती साठावे भाग, तिथे त्याला चोवीस लिहायचे होते. बोटांनी चौदा लिहिले. चूक कळली तेव्हा माल दुकानोदुकानी रवाना झाला होता. त्याने रातोरात दुरुस्त केलेला खेळ साहेबांपुढे ठेवला. साहेब म्हणाले, आता सगळा माल परत बोलवायला आपल्याकडे काय आहे? मग ठिकठिकाणांहून निरोप यायला लागले : खेळ जुलमी आहे, माणसे एकदा खेळतात आणि शिव्या देत उठतात. वर्षाच्या आत कंपनीला कुलूप लागले. हिराइवाला तोंडावर कोणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते. तो गावी आला, नगरपालिकेची परीक्षा दिली, लग्न केले. बायकोला, फुमिएला, एवढेच माहीत होते की हे पूर्वी खेळण्यांच्या कंपनीत होते.

पेटीत होता तो दुरुस्त केलेला खेळ. जगात त्याची ती एकच प्रत.

पुढच्या रविवारी दुरुस्तीवाल्याने ती यंत्रात बसवली. समुद्र दिसला, उडता मासा दिसला. ओकिनोने टाळ्या वाजवल्या. सायोकोने बाह्या सारल्या आणि बसली.

पहिले चार टप्पे नेहमीसारखे गेले. किल्ला आला. तोफा धडधडल्या, आणि सायोको पहिल्याच फटक्यात दारातून पार झाली.

“अगं बाई!” ओकिनो ओरडला. “गेली! गेली की ग तू!”

सायोकोने दांड्यावरचा हात काढून घेतला. विमान सरळ जाऊन कशावर तरी आपटले आणि फुटले. तिने वळूनही पाहिले नाही.

“हा तो नाही,” ती म्हणाली.

“तोच तर आहे. नाव बघ ना वर.”

“नाही, ओकिनोसान. दार सताड उघडं आहे. मी आत गेले नाही, मला आत घेतलं.” मग ती हिराइवाकडे वळली. “तुम्ही हे कुठून आणलंत?”

हिराइवाने कॉफीचा डबा फडताळावर ठेवला. नऊ वर्षे त्याने हे सांगण्याचे टाळले होते. आता सांगायला घेतले तर ते चार वाक्यांत संपले.

“मीच लिहिलाय हा खेळ. म्हणजे गोळ्यांचं सगळं मी लिहिलंय. चोवीसच्या जागी चौदा पडलं माझ्या हातून. तुम्ही इतकी वर्षं खेळत होता ती चूक होती, बरोबर आहे ते हे.” आणि तो कमरेत वाकला. “माफ करा मला.”

ओकिनोचे तोंड उघडे राहिले. “म्हणजे ही एवढी माणसं गाड्या पकडून येतात आणि तुमच्या एका बोटापायी मरतात?”

“हो.”

“आणि तुम्ही मागे उभं राहून बघता!”

सायोकोला हसू आले नाही. “चुकून पडलं असेल,” ती म्हणाली. “पण मग ती फट?”

“कसली फट?”

“त्या गोळ्यांत एक फट असते. डावीकडे, खालच्या अंगाला, तांदळाएवढी. दिसल्यावर गेलं तर उशीर होतो, दिसायच्या आधी जावं लागतं. मला ती सापडायला चार वर्षं लागली.” ती थांबली. “तुम्ही ठेवली होती ना?”

“नाही. मला माहीतही नव्हतं.”

“मग कुणी ठेवली?”

हिराइवाला एवढेच कळत होते की आपण लिहिलेल्या खेळात असे काही आहे, जे या बाईला ठाऊक आहे आणि आपल्याला नाही.

“हे बघा,” सायोको म्हणाली, “शाळेत पोरं म्हणतात, मावशी, छान झालंय. मीठ कमी पडलं तरी म्हणतात. गुणी आहेत. इथे तसं नाही, चुकलं की मेलं. मला बरं वाटतं ते.” तिने पर्स उचलली. “ती चूक परत घाला.”

“परत घालू?”

“येईल ना घालता?”

कोरी चिप मिळवायला हिराइवाला दोन आठवडे लागले. चिपवर लिहिण्याचे जुने यंत्र ओकायामाच्या एका दुकानदाराने दोन दिवसांसाठी दिले. शनिवारी जेवण झाल्यावर तो स्वयंपाकघरातल्या टेबलावरच ते मांडून बसला. फुमिए भांडी पुसत होती. मधूनच तिने डोकावून पाहिले, तेव्हा त्याने तिला सगळे सांगितले. ओसाका, छत्र्यांचे दुकान, नऊ माणसे.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, “म्हणजे आत्ता जे आहे ते बरोबर आहे?”

“हो.”

“आणि तुम्ही ते बिघडवताय.”

“हो.”

“बरोबर असलेलं बिघडवायला चष्मा लावून बसलेला माणूस आजच बघतेय बाई,” ती म्हणाली आणि पुढच्या वाडग्याला फडके लावले. जरा वेळाने तिने त्याच्यासमोर चहा आणून ठेवला, यंत्रावर सांडणार नाही असा बेताने, लांब.

हिराइवाने तो आकडा शोधून काढला. चोवीस. तेव्हा बोटांना कळलेही नव्हते. आता एक आकडा खोडून दुसरा लिहायला त्याला चहा निवेपर्यंत वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ल्याच्या दारात सायोकोचे विमान फुटले. तिने दुसरे नाणे टाकले. पुन्हा फुटले.

“हां,” ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. “हाच.”

हिराइवा आता मागे उभा राहत नसे. ओकिनोने त्याच्यासाठी एक स्टूल आणून ठेवले होते. ‘फुकटचा प्रेक्षक’ बंद झाले आणि ‘आमचे खुनीसाहेब’ सुरू झाले. बाहेरगावची माणसे आली की ओकिनो मुद्दाम ओळख करून द्यायचा. एका म्हाताऱ्या दंतवैद्याने हिराइवाचा हात दोन्ही हातांत धरला. हिराइवाने सवयीने माफी मागितली. दंतवैद्य म्हणाला, “छे, छे,” आणि परत खेळायला बसला.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, चारच्या सुमाराला, सायोको दारातून गेली. या वेळी ती पुढच्या मिनिटातही टिकली. सहावा टप्पा गेला, सातवा गेला. ओकिनोने फडताळाची घरघर नको म्हणून त्याची वायर काढली. सायोकोची पापणीही हलत नव्हती. फक्त डावे मनगट हलत होते, तेही फार थोडे. आठव्या टप्प्याच्या शेवटी एक भलेमोठे जहाज होते. ते बुडताना ओकिनोने कधी पाहिले नव्हते; त्याला वाटले यंत्र पुन्हा बिघडले.

“संपलं,” सायोको म्हणाली. तिने हात मांडीवर ठेवले.

हिराइवा स्टुलावरून उठून यंत्राच्या काचेजवळ गेला. पडदा काळा झाला होता आणि त्यावर खालून वर पांढरी अक्षरे सरकू लागली होती. खेळ करणाऱ्यांची नावे. खरी नावे लिहायची कंपनीत मुभा नव्हती, म्हणून प्रत्येकाने एक टोपणनाव घेतले होते. ‘उपाशी बोका’ म्हणजे साहेब. ‘भाजके रताळे’ म्हणजे त्सुकुदा, संगीत करणारा. कंपनी बंद झाल्यावर तो टॅक्सी चालवायला लागला आणि दहा वर्षांपूर्वी वारला, असे कुणाकडून तरी कळले होते. मग ‘दुपारचा चंद्र’. मग हिराइवा स्वतः.

“यातले तुम्ही कुठले?” सायोकोने विचारले.

हिराइवाने हाताने थांबायची खूण केली. तो वाचत होता. एवढ्या लांब येणार कोण, असे तेव्हा साहेब म्हणाले होते, म्हणून ते काम अंगावर आल्यावर हिराइवाने नावांना अकरा सेकंदच दिले होते. नववे नाव वरच्या कडेशी गेले, आणि पडद्यावर परत समुद्र आला.

ते शेवटचे नाव वाचून व्हायच्या आधीच गेले होते, त्याने स्वतःच दिलेल्या अकरा सेकंदांत. तो तसाच वाकून उभा राहिला.