राठीचा आवाज

“कोणी येत नाही. शेवटी कोणीच येत नाही.”

दुपारपासून भाऊसाहेबांनी हे वाक्य एकोणीस वेळा म्हटलं होतं, आणि एकोणीसही वेळा काचेपलीकडे वल्लरीने नकारार्थी मान हलवली होती.

नोएडातल्या त्या डबिंग स्टुडिओत एका हिंदी गुन्हेगारी मालिकेला मराठी आवाज देणं चाललं होतं. आठ भागांपैकी सात झाले होते. मालिकेतला इन्स्पेक्टर राठी पोटची मुलगी गमावलेला, न झोपणारा, देव नाही आणि न्यायही नाही असं मानणारा माणूस. खुनी सापडला म्हणून मेलेलं माणूस परत येत नाही, हे त्याचं सगळं तत्त्वज्ञान. त्याचा मराठी आवाज भाऊसाहेबांचा होता. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले, मुलाकडे लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहणारे भाऊसाहेब सव्वीस वर्षं दिल्लीतल्या मराठी मंडळींपुढे कीर्तन करत आले होते.

करत होते. दहा महिन्यांपूर्वी पत्नी विठाबाई गेल्या, तेव्हापासून त्यांनी वीणा हातात घेतली नव्हती. लोकांनी आग्रह केला की घशाचं कारण सांगत. घसा ठणठणीत होता हे वल्लरीला ठाऊक होतं. भाऊसाहेबांच्या जुन्या सहकाऱ्याची ती मुलगी, या मराठी डबिंगची दिग्दर्शिका. तिनेच त्यांना ओढून इथे आणलं होतं.

“काका, तुमचं वाक्य संपतच नाही,” आता ती माइकवरून म्हणाली. “शेवटाला वर जातं. पुढचं कोणीतरी म्हणणार आहे असं वाटतं.”

“एवढ्या लांबीचं बोलायला लागलो की सवय वर येते गं. अर्धा चरण आपण म्हणायचा, उरलेला मागच्या टाळकऱ्यांनी उचलायचा.”

“राठीच्या मागे टाळकरी नाहीत.”

“काका, इन्स्पेक्टर के बाद प्रसाद भी है क्या?” रेकॉर्डिस्ट धीरजने विचारलं. दिल्लीतच वाढलेल्या धीरजच्या बोलण्यात मराठी कधी संपायची आणि हिंदी कधी सुरू व्हायची हे त्याचं त्यालाही कळत नसे.

“तू आधी वेळेवर येत जा, मग प्रसाद,” भाऊसाहेब म्हणाले. तिघं हसले, पण वल्लरीचं लक्ष घड्याळाकडे होतं. चार वाजून वीस मिनिटं. सहाला हा प्रसंग मुंबईला जायचा होता. तिथला अंशुमन, ज्याच्या हातात मालिकेचा शेवटचा होकार होता, त्याने सकाळीच बजावलं होतं: शेवटच्या भागात राठी ढिला पडला तर आवाज बदलायचा आणि आधीचे सातही भाग नव्याने करायचे. मुंबईत दुसरा माणूस तयार होता.

भाऊसाहेबांना ते सहन होणार नव्हतं. घरात मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, देवघरासमोर बसलं तरी शब्द फुटत नसे. या चार भिंतींतच त्यांना बोलता येत होतं, तेही दुसऱ्याच्या तोंडून.

प्रसंग असा होता. गुरुग्राममधल्या एका टॉवरचा बाविसावा मजला. ज्या बाईने नवऱ्याचा खून होताना पाहिला, तिने स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलंय. आत तिच्याजवळ काय आहे कोणालाच माहीत नाही. राठी बंद दाराला पाठ टेकून जमिनीवर बसलाय आणि चार मिनिटं बोलतोय. धीर देत नाही. स्वतःची मुलगी कशी गेली तेच सांगतोय.

“पुन्हा,” वल्लरी म्हणाली. “शेवट खाली पाडा. मेलेला.”

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. विठाबाईंची खाट आठवली. शेवटचे तीन दिवस ते उशाशी बसून अखंड बोलत होते. दृष्टांत, कथा, नामाचा महिमा. सव्वीस वर्षं लोकांना दिलेला सगळा दिलासा त्यांनी तिच्यावर ओतला. एकदा तिने हात उचलला, ओठ हलवले. ‘राहू दे, दमशील,’ असं म्हणून त्यांनी तो हात खाली ठेवला आणि पुढची कथा सुरू केली. संध्याकाळी ती गेली.

पडद्यावर राठीचे ओठ हलले.

“कोणी येत नाही. शेवटी कोणीच येत नाही.”

वाक्य दगडासारखं पडलं. काचेपलीकडे वल्लरीने दोन्ही हात वर केले.

या वेळी भाऊसाहेबांनी राठीची नक्कल केली नव्हती. जे म्हटलं ते त्यांना खरं वाटलं होतं.

“कमाल, काका. धीरज, ठेव हा.”

“नहीं रख सकते,” धीरज हेडफोन दाबत म्हणाला. “खुर्ची वाजलीय. ‘शेवटी’वर. सॉरी, काका. फक्त तेवढी ओळ द्या.”

पाच वाजून पाच. भाऊसाहेब उभे राहिले, खुर्ची पायाने मागे सारली. पुन्हा तेच म्हणायचं होतं, पुन्हा तितकंच खरं. हेडफोनमध्ये मूळ हिंदी आवाज सुरू झाला.

“कोणी येत नाही. शेवटी कोणी…”

पुढचा शब्द निघेना. कीर्तनात असं झालं की थांबायचं, मागचे सांभाळून घेतात. शरीराला तेवढंच माहीत होतं. ते अर्ध्यावर थांबले.

आणि थांबले म्हणून ऐकू आलं. हेडफोनमध्ये, मूळ नटाच्या आवाजाखाली, बंद दाराआडून, फार हळू: “आप आए हैं।”

“काका?” वल्लरी. “काय झालं?”

“ती बोलली.”

“कोण?”

“आतली बाई. तो बोलत असतानाच ती बोलली. तुझ्या कागदावर आहे का ते?”

वल्लरीने पान उलटलं, परत उलटलं. “नाही. भाषांतरात त्याचंच वाक्य आहे.”

“त्याच्या आवाजात दबलंय. आपण सगळे त्याचंच ऐकत होतो.” भाऊसाहेबांनी हेडफोन काढून हातात घेतला. “इथे मी अर्ध्यावर थांबणार. तिला जागा ठेवा.”

“ओठ दिसतायत त्याचे.”

“दोन शब्दांनंतर तो तोंड फिरवतो. एकवीस वेळा पाहिलंय मी.”

सव्वापाचला अंशुमन लिंकवर आला. वल्लरीने तो टेक ऐकवला.

“वाक्य अपुरं आहे,” अंशुमनचा आवाज छोट्या स्पीकरमधून कोरडा आला. “पूर्ण करून पाठवा.”

“सर, दाराआडून एक ओळ आहे—”

“स्क्रिप्टमध्ये नाही. वल्लरी, पाऊण तास उरलाय. होत नसेल तर सांग, मी इकडे फोन लावतो.”

वल्लरीने काचेतून पाहिलं. मानेनेच विनवलं: एकदा म्हणून टाका.

भाऊसाहेबांनी माइक जवळ ओढला. “अंशुमन, मी भाऊसाहेब. वाक्य मी पूर्ण करणार नाही.”

“मग मला आवाज बदलावा लागेल, सर. सातही भागांचा.”

“बदला. पण बदलण्याआधी तेवढा तुकडा माझ्या आवाजाशिवाय ऐका. आणि जो कोणी नवा येईल, त्याला सांगा की तिच्यावर बोलू नको. एकदा मी तसा बोललोय, बायकोच्या उशाशी बसून.”

धीरजने न विचारता मूळ आवाजाची पट्टी मागे नेली आणि दाराकडचा आवाज जमेल तेवढा चढवला.

आप आए हैं।

“पुन्हा लाव,” अंशुमन म्हणाला.

मग त्याने तो तुकडा तिसऱ्यांदा लावायला सांगितला. दरम्यान वल्लरी आत आली. तिने भाऊसाहेबांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि हळूच विचारलं, “काकू काय म्हणणार होत्या?”

“ते आता कळायचं नाही.” त्यांनी ग्लास तसाच धरून ठेवला. “दहा महिने मला वाटत होतं, तिथे काही नव्हतंच; मी रिकाम्या खोलीत कथा सांगत होतो. तसं नव्हतं, वल्लरी. ती मला काहीतरी सांगत होती.”

“आतली बाई कोण करतंय?” स्पीकरमधून अंशुमन.

“क्षिप्रा. ती दुपारीच गेली, सर.”

“मग तात्पुरतं तू म्हण. नंतर तिच्याकडून घेऊ. राठी अर्ध्यावर थांबेल. पण पुढची ओळ कागदावर आहे तशीच हवी.”

पाच चाळीस. वल्लरी दुसऱ्या माइकसमोर उभी राहिली. धीरजने बोटांनी तीन, दोन, एक दाखवलं.

“कोणी येत नाही. शेवटी कोणी…”

“तुम्ही आलात,” वल्लरी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

पडद्यावर राठी उठून दाराकडे वळला. इथे कागदावर राठीच्या तोंडी हुकूम होता: दार उघडा. भाऊसाहेबांनी तेच दोन शब्द म्हटले, एकही बदलला नाही. पण ते वाक्य पुन्हा शेवटाला जरासं वर गेलं, पुढचं कोणीतरी म्हणणार असल्यासारखं, आणि या वेळी काचेपलीकडून कोणी मान हलवली नाही.