उजवा डोळा, डावा हात

दत्तोबांच्या पेटीत सळया पाच होत्या: तीन तांब्याच्या, एक चांदीची आणि एक लोखंडाची, जी कधी वापरलीच गेली नव्हती. प्रत्येक सळई आठ बोटे लांब, टोक जवाच्या दाण्यासारखे, आणि मधोमध पकड यावी म्हणून गुंडाळलेला सुती दोरा. याशिवाय काशाची एक वाटी, थोडा कापूस, पट्ट्यांसाठी धुऊन ठेवलेले जुने धोतर आणि बारा गाठींची एक सुंभाची दोरी. एवढ्या सामानावर कसबा पेठेतले ते घर तीन पिढ्या डोळ्यांचे काम करत आले होते. पानपतची लढाई होऊन तेव्हा दहा-अकरा वर्षे लोटली होती.

दोरीला दर हातावर एक गाठ होती. आलेल्या माणसाला एका टोकाशी बसवायचे, आपण एकेका गाठीवर मागे सरकत बोटे दाखवायची आणि किती ते विचारायचे. ज्या गाठीवर उत्तर चुकते, तिच्या अलीकडची गाठ ही त्या माणसाची नजर. डोके दुखते म्हणून कुणी आले तरी दत्तोबा आधी दोरीच पसरत. कारकून, शिंपी, मोती ओवणाऱ्या बायका, सगळ्यांची तक्रार एकच असे: सकाळी बरे वाटते, दुपार कलली की भुवयांच्या वर ठणका लागतो. दत्तोबा म्हणत, "डोकं काही बिघडलेलं नाही. डोळा राबतोय आणि भाडं डोकं भरतंय."

त्यांच्या स्वतःच्या भुवयांवर ठणका सुरू झाला, तेव्हा मात्र त्यांनी तो पित्ताच्या नावे लावला आणि कपाळाला सुंठेचा लेप थापला.

त्यांची बायको सोजरबाई चार महिने ते बघत होती. शेवटी एका दुपारी तिने स्वतःच दोरी पसरली.

"बसा."

"काय चाललंय हे?"

"जगाला दोरीवर बसवता आणि स्वतःच्या कपाळाला सुंठ. घरातली सुंठ संपली, आता दोरीच उरली. बसा म्हणते ना."

दत्तोबांना एकच डोळा होता, उजवा. डावा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला. सोजरबाई तिसऱ्या गाठीवर उभी होती तोवर उत्तर बरोबर आले. चौथ्या गाठीवर ते म्हणाले, "दोन." तिने पाच बोटे धरली होती.

त्या दिवसानंतर त्यांनी लेप लावला नाही. मोतीबिंदू होता, आणि तो पिकेपर्यंत थांबायचे एवढेच हातात होते. कच्चा मोती सळईने फुटतो आणि आणखी घोटाळा करतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. वर्षभरात दाराची चौकट धूसर झाली, मग माणसे, मग ताटातला भात. डोकेदुखी मात्र थांबली, कारण ताण देऊन बघण्यासारखे डोळ्यापुढे काही उरले नाही. मार्गशीर्ष लागला तेव्हा बाहुली ताकासारखी पांढरी झाली होती. उजेड कुठे आहे आणि मध्ये कुणाची सावली आली, एवढेच त्यांना कळे. मोती पिकला होता.

आता सळई कोण धरणार, हा प्रश्न आला.

वैद्य आणि रोगी समोरासमोर बसतात. सळई डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडून, पांढऱ्या भागातून आत घालायची असते आणि मोती हलकेच खाली दाबून डोळ्याच्या तळाशी बसवायचा असतो. आतल्या बाजूने जाता येत नाही, तिथे नाक आडवे येते. त्यामुळे रोग्याचा डावा डोळा असेल तर वैद्याचा उजवा हात लागतो, आणि उजवा डोळा असेल तर डावा. दत्तोबांनी तरुणपणी डाव्या हाताने सुपारी कातरून, सुई ओवून तो हात तयार केला होता. त्यांचा मुलगा श्रीधर उजव्या हाताने त्यांच्यापेक्षाही सफाईने काम करी, पण त्याचा डावा हात फार तर रोग्याचे डोके धरण्याच्या उपयोगाचा होता. वर्षभर उजव्या डोळ्याचे रोगी या घरातून परत जात होते.

त्यांतला एक खडकीचा शेतकरी बजरंग. तो दर महिन्याला येई आणि ओट्यावर बसून विचारी, "वैद्यबुवा, हात मोकळा झाला का न्हाई?"

"हात मोकळाच आहे रे, डोळा अडकलाय."

मुठेच्या काठी एक फिरता हकीम उतरल्याचे कुणी सांगितले. दत्तोबा म्हणाले, "चांगला माणूस आहे. पट्टी सुटायच्या आत सासवडला पोचलेला असतो."

श्रीधरने एक युक्ती काढली. रोग्याच्या मागे उभे राहिले तर उजवा हात उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला येतो. खाटकाकडून बकऱ्याचे डोळे आणून ते ओल्या मातीच्या गोळ्यात बसवायचे आणि त्यावर हात चालवायचा, ही घरातली शिकण्याची रीत. त्याने मागून करून पाहिले. मग डोळे कापून आतला मणी, ज्याला घरात मोतीच म्हणत, कुठे बसला ते तपासले. एक फुटला होता, बाकीचे परत वर तरंगले होते.

"हात पोचतो, आबा," तो म्हणाला, "पण तिकडून सगळं उलटं. खाली म्हणून दाबतो आणि ते भलतीकडे जातं."

"मग माझ्या डोळ्यात भलतीकडे नको," दत्तोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते ओसरीवर पेटी मांडीवर घेऊन बसले होते. दिसत नव्हते म्हणून एकेक सळई बोटांनी चाचपत होते. लोखंडाची हाताला लागली तसे ते थांबले. मग त्यांनी तांब्याची एक उचलली, दुसरी उचलली, परत लोखंडाची घेतली. टोक पुढे धरून अंगठा दोऱ्यावरून फिरवला. लोखंडाच्या सळईवर वेढे उजवीकडे उतरत होते, बाकीच्या चारही सळयांवर डावीकडे.

"अगं, ही लोखंडाची कुणी गुंडाळली?"

"मीच. लग्न होऊन आले त्या वर्षी. तेव्हापासून ती तशीच पडलीय, माझ्यासारखी."

"आणि या चार?"

"मैनेनं. नऊ वर्षं तीच तर गुंडाळते."

मैना म्हणजे श्रीधरची बायको. ती आत जात्यावर होती. जाते थांबले.

"असे उलटे वेढे डाव्या हातानंच पडतात. तिचा डावा हात तू बांधला होतास ना?"

मैना लहानपणी या घरात आली ती डावखुरी. डाव्या हाताने घास घेणारी सून कुणाला दाखवायची, म्हणून सोजरबाईने वर्षभर जेवताना तिचा तो हात चिंधीने कमरेला बांधला होता. मग मैना उजव्या हाताने जेवू लागली, वाढू लागली, आणि विषय संपला असे सगळ्यांनी धरले होते.

"बांधला होता," सोजरबाई म्हणाली. "सुटलेला दिसतोय."

"तिला बोलाव."

मैना दाराआड येऊन उभी राहिली. सासऱ्यासमोर तिने कधी नजर वर केली नव्हती, थेट बोललीही नव्हती. जे सांगायचे ते ती सासूला सांगे आणि दत्तोबा ते ऐकत.

"आत्याबाई, मामंजींना सांगा, चूक झाली असेल तर दोरा सोडून उजव्या हातानं परत गुंडाळते."

"चूक कसली? नऊ वर्षांत एकाही सळईवरून माझं बोट घसरलं नाही. तिला सांग, बकऱ्याचे डोळे आणायचेत."

तिने आढेवेढे घेतले नाहीत, पण एक अट घातली, तीही सासूलाच उद्देशून. "हात नऊ वर्षं लपूनछपून चालतोय. त्याला उजेडात चालू दे. महिनाभर वाढणं, निवडणं, वेणी घालणं, सगळं मी डाव्यानं करणार. नाहीतर नेमक्या वेळी तो लाजेल."

श्रीधरला हसू आले. सोजरबाईला आले नाही. पण संध्याकाळी तिने पाट मांडला आणि ताट पुढे सरकवले. "देवाचं मी करीन. बाकीचं कर डाव्यानं. भात वाढ आधी, गार होतोय." आणि डाव्या हाताने वाढलेला तो भात ती न बोलता जेवली. या घरात या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट कुणी केली असे विचारले, तर श्रीधर पुढे आईचेच नाव घेई.

मैनेच्या हाताखाली बकऱ्याचे पहिले काही डोळे वाया गेले. ती जोर करत होती. श्रीधर शेजारी बसून डोळा कापून दाखवी: हा बघ, इथे फाटला. तिने सळई मुठीत धरणे सोडून ती तीन बोटांत धरली, आणि करंगळी मातीच्या गोळ्यावर टेकवली म्हणजे हाताला आधार राहतो हे तिचे तिनेच शोधले. मग मोती तळाशी बसू लागले. श्रीधर बापाला म्हणाला, "आबा, माझ्या उजव्यापेक्षा हिचा डावा सरळ चालतो. हे मला आवडलेलं नाही, पण तसं आहे."

बजरंगाला हे कळले तसा तो धावत आला. "वैद्यबुवा, आधी माज्यावर करू द्या की सूनबाईला. तुमचा एकुलता डोळा हाय. माजा दुसरा बरा हाय, गेला तर गेला."

सोजरबाईच्या मनात तेच होते, श्रीधरच्याही. दत्तोबांनी मान हलवली. "आम्ही मातीत शिकतो, माणसात नाही. माणसातला पहिला डोळा माझा. या घरानं तिला शिकवलंय, तर त्याचा भरवसा आधी मलाच पाहिजे. तू थांब महिनाभर, एवढा थांबलास."

आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितले, "माझ्या स्वतःच्या हातून दहांतले तीन गेले आहेत. हा गेला तर आत्ता कळतो तो उजेडही जाईल, आणि दुखेल ते वेगळं. हे मला माहीत आहे आणि मी हो म्हटलंय. गेला तर डोळा माझा गेला. तिच्या हातानं गेला असं या घरात कुणी बोलायचं नाही. तपकिरीची डबी कुठाय?"

"कशाला आता?"

"पट्टी असताना शिंक आली तर मोती वर येईल. डबी विहिरीत टाक."

"विहीर बाटवायची नाही," सोजरबाई म्हणाली. "मी लपवते." आणि तिने ती अशी लपवली की पुढे तिलाही सापडली नाही.

सकाळी ऊन कोवळे असताना अंगणात दोन पाट समोरासमोर मांडले. श्रीधरने मागून बापाचे डोके धरले. मैना पुढ्यात बसली. डोक्यावरचा पदर तिने मागे सारला, कारण त्याची सावली पडत होती, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याच्या तोंडाकडे सरळ पाहिले. तिने करंगळी त्यांच्या गालफडावर टेकवली.

"मामंजी," ती त्यांनाच म्हणाली, "नाकाच्या शेंड्याकडे बघा."

"बघतोय. दिसत मात्र नाही."

"हसू नका. मान हलेल."

सळई आत गेली. दत्तोबांनी दोन्ही मुठी आवळल्या, पण मान हलली नाही. मैनेने थांबून एक श्वास सोडला आणि टोक खाली नेले. मोती दबला, वर आला, परत दबला. तिने तो तसाच धरून ठेवला. श्रीधरच्या कपाळावरून घाम ओघळून बापाच्या खांद्यावर पडला तरी ती घाई करेना. मग तिने सळई फिरवत फिरवत, आत शिरली होती त्याच वाटेने बाहेर काढली. मोती वर आला नाही. बाहुली काळी दिसत होती.

"काहीतरी हललं," दत्तोबा हळूच म्हणाले. "तुझी बांगडी आहे का ती?"

"बोलू नका," सोजरबाई मागून ओरडली आणि तुपात भिजवलेला कापूस पुढे केला.

नऊ दिवस दत्तोबा उताणे पडून होते. खोकला आला की गिळत, ढेकर आला की गिळत, आणि तपकिरीचे नाव काढले की सोजरबाई दुसरेच काहीतरी बोलू लागे. दहाव्या दिवशी सकाळी बजरंग ओट्यावर येऊन बसला. मैनेने पट्टी सोडली, कोमट पाण्याने पापण्या धुतल्या आणि सासऱ्याला दोरीच्या टोकाशी बसवले. श्रीधरने दोरी ताणून धरली. मैना पहिल्या गाठीवर उभी राहिली, डावा हात वर केला आणि बोटे दाखवली. मग दुसऱ्या गाठीवर, मग तिसऱ्या. दर वेळी ती बोटे बदलत होती. चौथ्या गाठीवर, जिथे सोजरबाईपुढे उत्तर चुकले होते, तिने पाचही बोटे धरली.

"पाच," दत्तोबा म्हणाले. "पुढे सरक."

सातव्या गाठीवर त्यांनी बोटे बरोबर मोजली. आठव्या गाठीवर मोजता आली नाहीत.