माहितीदाता क्रमांक चार

घुंगरू एकच. हरभऱ्याच्या दाण्याएवढं, अजून पॉलिश न झालेलं, पांढरट... आणि तळहात जरा हलला की असं किणकिणायचं की संयोगिता दचकून मूठ मिटायची. स्टाफरूममध्ये कुणी नव्हतं, तरी मिटायची. तीन वाजता तिसऱ्या वर्षाला जागतिकीकरण शिकवायचं होतं. डबा उघडलाच नव्हता.

सकाळी कॉलेजात चर्चासत्र झालं. पडद्यावर तिने दोन हात दाखवले — चांदीकामाच्या हुपरी गावातल्या एका घराच्या उंबऱ्याशी, उजेडाला बसून पैंजणात घुंगरं जोडणारे, चिमटा धरून धरून घट्टे पडलेले हात. खाली ओळ होती : ‘माहितीदाता क्र. ४, स्त्री, वय ६२, अकुशल गृहश्रम.’ संशोधनात नाव द्यायचं नसतं, नियमच आहे तसा. नियम किती उपयोगी पडतात! परदेशात शिकवणाऱ्या अवंतिकाबाई खास पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या पुढे झुकून म्हणाल्या, “किती बोलके हात आहेत हो! तुमची यांची ओळख कशी झाली?”

आणि संयोगिता म्हणाली, “फील्डवर्क करताना भेटल्या.”

इतकं सहज... जीभ अडखळली नाही, घसा कोरडा पडला नाही, मेलं काहीच झालं नाही. ‘माझी आई आहे’ — तीन शब्द होते. पण ते म्हटले असते तर बाईंनी पडद्यावरचे हात सोडून माझ्याकडे पाहिलं असतं, माझ्या सिल्कच्या साडीकडे, जपून जपून बोललेल्या माझ्या शुद्ध मराठीकडे, आणि मग... मग काय? काही नाही. उलट कौतुकच केलं असतं. हेच तर सलत होतं. भीतीपोटी खोटं बोललेलं माणूस स्वतःला माफ तरी करतं. इथे भिण्यासारखं काही नव्हतंच.

आई शेवटच्या रांगेत बसली होती.

तिला यायला संयोगितानेच सांगितलं होतं. यायला म्हणजे — पाहुण्यांना दाखवायला एक अर्धवट पैंजण हवं होतं, ते सकाळच्या एसटीने आणून शिपायाकडे ठेव आणि जा, एवढंच. पण जोतीराम शिपाई पडला भला माणूस. “उन्हाचं कुटं जाताय मावशी? बसा की आत. एसी हाय.” आई बसली, पिशवी मांडीवर घेऊन. आपलेच हात भिंतीएवढे झालेले तिने पाहिले, आणि लेकीचं उत्तरही ऐकलं.

चहाच्या वेळी ती आपणहून पुढे आली. पदर सावरला, पैंजण दोन्ही हातांनी पुढे धरलं.

“म्याडम, तुमी सांगितल्याला नमुना आणलाय. बगून घ्या.”

तुमी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“याच का त्या?” अवंतिकाबाईंनी विचारलं.

“व्हय, मीच की ती. म्याडम लई येळा आल्यात आमच्या घरला. चांगल्या हाईत.” आणि मग आई पाहुण्यांना समजावून सांगू लागली, “ह्ये डिझाईन दुबईचं. मोबाईलवर येतंय. तितल्या बायकांचं घोटं जाड, म्हणून दोन कड्या जादा.”

आईला दुबई कुठे आहे ते ठाऊक नाही, पण तिथल्या बायकांचे घोटे केवढे ते पक्कं ठाऊक — हे वाक्य संयोगिताच्या निबंधात होतं. अर्ध्या तासापूर्वीच तिने ते ‘आई’च्या जागी ‘माहितीदाता’ घालून वाचलं होतं. लोक हसले होते, टाळ्याही पडल्या होत्या.

स्टाफरूमच्या टेबलावरचा फोन थरथरला. आई.

“पोचलो गं. सांगावं म्हटलं.”

आता बोलेल. घाल शिव्या. घाल बाई, एकदाच्या घाल.

“जेवलीस न्हवं?”

“आई, मगाशी मी...”

“त्या पावणीबाईस्नी काम पसंत पडलं का?”

“हो. आवडलं त्यांना.”

“मग झालं की. आन् एक घुंगरू पडलंय बग तितं. नीट बसलं न्हवतं, चूक माझी. टाकू नगंस, येताना घिऊन ये.”

आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. आईला हे नवीन नव्हतंच, असं संयोगिताच्या हळूहळू ध्यानात आलं. जन्मभर तिने पैंजणं घडवली आणि ‘बगून घ्या’ म्हणत व्यापाऱ्याच्या हवाली केली. ती कुणाच्या का पायांत वाजेनात, ही माझी म्हणून सांगायला ती कधी कुणाच्या दारात उभी राहिली नाही. लेकही तशीच. घडवली, उजळली आणि दोन्ही हातांनी देऊन टाकली. आणि मी ते देणं मुकाट घेतलंसुद्धा...

तीन वाजले. वर्गात तिने तोच फोटो लावला. ‘अकुशल’ हा शब्द सकाळपेक्षा मोठा दिसत होता.

“मॅडम, या कोण?” पहिल्या बाकावरच्या वर्षाराणीने विचारलं.

संयोगिताची नजर आधी शेवटच्या रांगेकडे गेली. तिथे कुणी नव्हतं. आता सांगायला कसली अडचण नव्हती. आणि जिने ऐकायला हवं होतं तीच तिथे नव्हती. वर्ग वाट पाहत होता. तिने तोंड उघडलं, आणि मुठीतलं घुंगरू वाजू नये म्हणून आपण हात अजूनही आवळून धरलाय, हे तिला कळलं.