आठ वेळा, सावकाश

"आता दोन्ही हात वर घ्या, टाचा उचला आणि आभाळाला हात लावायचाय असं समजून ताणा," असं म्हणत निवेदिकेनं बिस्कीट चहात बुडवलं. "एक... दोन... तीन... चार..." तेवढ्यात बिस्कीट तुटायच्या बेतात आलं, म्हणून पाच, सहा, सात आणि आठ एका दमात उरकले. "छान. श्वास सोडा." मग माइकपासून तोंड वळवून तिनं बिस्कीट वाचवलं.

काचेपलीकडे बसलेल्या ध्वनितंत्रज्ञानं मान हलवली. नापसंतीनं नव्हे, मान हलवायची त्याला सवयच होती. तो दिवसाला चार वाक्यं बोले, त्यातली दोन यंत्राशी. रेडिओ केंद्रावर सगळे त्याला मुनी म्हणत.

सकाळी सहाचा व्यायामाचा कार्यक्रम नऊ वर्षांपूर्वी तिच्या वाट्याला आला होता. त्याआधी एक निवृत्त व्यायामशिक्षक तो करत. ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले आणि जाताना आपली जाडजूड वही मागे ठेवून गेले. निवेदिकेचा आवाज गोड, उच्चार स्वच्छ आणि पहाटे उठायची तयारी. वही तिच्या हातात आली. तेव्हापासून ती रोज पंधरा मिनिटं वाचत होती. खुर्चीत बसून. यात काही वावगं आहे असं तिलाही वाटलं नव्हतं आणि दुसऱ्या कुणालाही. लढाईची बातमी वाचणाऱ्याला कुणी लढायला पाठवतं का?

दुपारी दोनला ती घरी जाई. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून ती दोन मिनिटं थांबे, मग उरलेला जिना चढे. तिच्या धापा ऐकून सासूबाई आधीच दार उघडून उभ्या असत. दारावरची घंटा तिला अशी कधी वाजवावीच लागत नसे.

मग उरलेला दिवस कसाबसा ढकलायचा. भाजी निवडता निवडता डोळे मिटायचे. नवरा शाळेत गणित शिकवत होता, संध्याकाळी तो काहीतरी गंमत सांगायला लागला की तिच्या तोंडून "हं" निघे, आणि फार झालं तर "डब्यात ठेवलंय." दुखत कुठंच नव्हतं. तेच खरं दुखणं होतं. शेवटी नवरा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्त तपासलं, छाती तपासली, सगळं ठणठणीत निघालं.

"व्यायाम करता का?" डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग करा. सकाळी सहाला रेडिओवर छान कार्यक्रम असतो. एक बाई सांगतात. माझे निम्मे पेशंट तो लावतात."

"बरं," ती म्हणाली.

नवऱ्यानं दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत कसंबसं आवरलं. मग रस्त्यातच पोट धरून हसला. "त्या बाईंना एकदा भेटून घे," तो डोळे पुसत म्हणाला. तिला हसू आलं नाही. घरापर्यंत ती त्याच्यापेक्षा दोन पावलं मागेच चालत राहिली.

त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. त्या उत्साही बाई होत्या. आठवड्याला एक नवी कल्पना काढायच्या आणि ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायच्या.

"पुढच्या महिन्यात तुमच्या कार्यक्रमाला दहावं वर्ष लागतंय. श्रोत्यांना बोलवूया. मागच्या अंगणात, रविवारी सकाळी. तुम्ही समोर उभ्या राहून करून दाखवायचं."

"करून?"

"मग? नऊ वर्षं रोज करताय. तुमच्या तर हातचा मळ."

"बरं," म्हणून निवेदिका बाहेर आली. अंगणातल्या कार्यक्रमाची घोषणाही सकाळीच झाली होती, हे तिला मग कळलं. पाच आठवडे उरले होते.

त्या दुपारी तिनं खोलीचं दार लोटून घेतलं आणि गुडघे न वाकवता पायाची बोटं धरून पाहिली. हात गुडघ्यांपर्यंत गेले. त्याखाली परका मुलूख होता. आणखी जोर लावला तशी ती पलंगावर कलंडली.

"काय पडलं गं?" बाहेरून सासूबाईंनी विचारलं.

"मीच."

सासूबाई दार ढकलून आत आल्या. काय चाललंय ते समजल्यावर त्यांनी पलंगाच्या कडेवर बैठक मारली. "मी जन्मभर वाकतेच आहे. केर काढताना वाक, मोठ्यांपुढं वाक. आता रेडिओच्या सांगण्यावरून आणि कशाला वाकू म्हणून मी तो कार्यक्रम कधी लावला नाही. पण तू सांगतेस म्हणजे तुला येत असेल, असं मी धरून चालले होते."

"सगळेच धरून चाललेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्टुडिओतली खुर्ची भिंतीला लावली आणि उभी राहिली. मुनीनं काचेतून पाहिलं. तो आत आला, काही न विचारता माइक वर ओढून दिला आणि परत गेला. लाल दिवा लागला.

पहिला प्रकार निभावला. दुसऱ्याला वही हातातून खाली ठेवावी लागली, कारण दोन्ही हात वर घेऊन वही वाचता येत नाही, हे तिला नऊ वर्षांत पहिल्यांदाच कळलं. तिसऱ्याला घात झाला. "चार..." म्हटल्यावर पुढचा आकडा बाहेरच येईना. श्वास नुसता भात्यासारखा चालला होता. रेडिओवर दोन सेकंदांची शांतता म्हणजे बोंब. इथं सहा सेकंद गेले. मुनी काचेला नाक लावून उभा होता.

"थांबा," ती माइकमध्ये म्हणाली. वहीत हा शब्द कुठंच नव्हता. "जरा थांबूया. दम लागलाय. आता... पाच."

शेवटची धून वाजायला लागली तेव्हा आठातले चारच प्रकार झाले होते. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि आता केंद्रप्रमुख काय म्हणतील या विचारानं कान आणखी तापले होते. तेवढ्यात पलीकडे फोन वाजला. मुनीनं घेतला, ऐकला, ठेवला आणि दार उघडून आत आला.

"एका बाईंचा फोन होता," तो म्हणाला. "त्या म्हणाल्या, आज पहिल्यांदा त्यांचे आठ पूर्ण झाले."

"म्हणजे?"

"रोज त्या चारवर असतात तेव्हा तुम्ही पुढच्या प्रकाराला लागलेल्या असता."

दिवसाचं बोलणं संपवून तो परत आपल्या यंत्राशी गेला. ती माइकसमोर तशीच उभी राहिली. मग तिनं एक हात वर घेतला आणि मनाशी आकडे मोजत सावकाश खाली आणला. एका हाताला किती वेळ लागतो ते ती पाहत होती.

पहिला आठवडा हालांचा गेला. शिंकलं तरी पोट दुखे. जिना चढणं परवडलं, पण उतरताना मांड्या रडत. नवरा म्हणाला, "सोड ना, त्यांना सांग पाठ धरली." खोटं तर ती सांगणार नव्हतीच, पण मुख्य म्हणजे आता रोज दोन-चार फोन येत होते. कुणी म्हणे, आजचा वेग झकास. कुणी विचारी, आज किती वेळा थांबणार ते आधी सांगाल का, म्हणजे पाणी जवळ ठेवता येईल.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती घरी आली तर दार बंद. ती थांबली. दार उघडेना. शेवटी तिनं घंटा वाजवली. आतून सासूबाईंचा आवाज आला, "कोण?"

"मी!"

दार किलकिलं झालं. सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "धापा ऐकू आल्या नाहीत. मला वाटलं, विक्रेता आहे कुणी."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की दुसऱ्या मजल्यावरचा कठडा आज मागे कधी पडला ते तिला आठवतसुद्धा नव्हतं.

त्यानंतर घराची धडगत राहिली नाही. तिनं पडदे धुतले. कपाट ओढून त्याच्या मागची धूळ काढली आणि तिथं सापडलेला नवऱ्याचा जुना बुद्धिबळाचा पट पुसून टेबलावर मांडला. वर्षातून एकदा जिच्याशी बोलणं व्हायचं त्या बहिणीला फोन केला, तोही काही काम नसताना. बहीण आधी घाबरली, मग तासभर बोलली. भांडी घासताना ती गुणगुणायला लागली. नवऱ्यानं एका संध्याकाळी शाळेतली गंमत अर्धी सांगितली आणि तो सवयीनं थांबला.

"पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "तुला बढती मिळाली का?"

"नाही रे. पुढं सांग."

"हिला म्हणावं, जरा बस," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "हिच्याकडे बघूनच मला दम लागतो."

रोज असंच उजाडे असं नव्हे. एका मळभ आलेल्या सकाळी जुनं जडपण पुन्हा अंगावर येऊन बसलं. केंद्रावर जाईपर्यंत तिला कुणाशी शब्द बोलावासा वाटेना. तरी ती उभी राहिली, हात वर गेले, खाली आले. दहाव्या-बाराव्या मिनिटाला कधीतरी आवाज आपला आपणच मोकळा झाला. लाल दिवा विझल्यावर काचेवर टिचकी मारून तिनं मुनीला विचारलं, "चहा घेणार? मी आणते." आणि त्यानं चक्क पाचवं वाक्य खर्च केलं.

रविवारी अंगणात साठ-सत्तर माणसं आली. मोकळे कपडे, पायांत बूट, काहींच्या खांद्यावर नॅपकिन. बहुतेक पांढऱ्या केसांची, पण मधूनमधून तरुणही. सगळी तिच्याकडे टक लावून पाहत होती. आवाजाला तोंड असतं हे बघायला आल्यासारखी.

"चला," ती म्हणाली. "खांद्यांची चाकं फिरवूया. आठ वेळा, सावकाश."

आणि तिनं सुरुवात केली. दोनवर तिची नजर समोर गेली आणि ती आकडा विसरली. पुढच्या रांगेतला एक उंच गृहस्थ पवनचक्कीसारखे दोन्ही हात गरागरा फिरवत होता. त्याच्या शेजारची बाई फक्त मान फिरवत होती. तिसरीनं हात कमरेवर ठेवून आख्खी गिरकी घेतली होती आणि ती आता दुसरी घेत होती. नऊ वर्षं प्रत्येकानं नुसतं ऐकलं होतं आणि आपापल्या घरात आपापला अर्थ लावला होता. एव्हाना माणसंही एकमेकांकडे बघायला लागली होती. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं अंगण हसायला लागलं.

"मी करते तसं बघा," ती हसू आवरत म्हणाली.

"आता राहू द्या हो!" गिरकीवाल्या बाई ओरडल्या. "माझी कंबर यानंच बरी झाली!"

सात प्रकार झाले. सहावा तिनं गुपचूप गाळला. शेवटचे आठ आकडे लोकांनीच तिच्यापेक्षा मोठ्यानं मोजले. केंद्रप्रमुखांनी टाळ्या वाजवल्या आणि मग चहाच्या टेबलाभोवती गर्दी झाली.

गर्दी पांगत आली तेव्हा एक ठेंगणे, नीटनेटके वृद्ध गृहस्थ आणि त्यांची पत्नी तिच्यापाशी आले. मी गाणं शिकवायचो, त्यांनी सांगितलं, चाळीस वर्षं शिकवलं.

"एक विचारू? राग मानू नका," ते म्हणाले. "आधी तुम्ही बसून सांगायचात, नाही का?"

कप तिच्या ओठांशीच थांबला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? बसलेल्या माणसाचा श्वास पोटाशी घडी पडल्यासारखा येतो. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला."

तिनं कप खाली ठेवला. अंगणाच्या टोकाला मुनी वायर गुंडाळत होता. ती क्षणभर त्याच्याकडेच पाहत राहिली. "मग तुम्ही ऐकणं बंद कसं नाही केलंत?"

गृहस्थ संकोचले. उत्तर त्यांच्या पत्नीनं दिलं.

"मी म्हणाले होते बंद करा म्हणून. तर हे म्हणाले, बाईंचा आवाज फार दमलेला येतो गं. एवढ्या पहाटे एकट्या बसून बोलत असतील. आपण करत राहू. समोर कुणी करतंय म्हटलं, की सांगणाऱ्याला जरा बरं वाटतं." त्यांनी नवऱ्याच्या कोपरावर चापट मारली. "तेव्हा आम्ही तुमच्यासाठी सुरू केलं ते. आमचे गुडघे सुधारले ते नंतर."

रोज ज्या आवाजावर निवेदिकेचं पोट चालत होतं तो ऐन वेळी कुठंतरी गेला होता. तिनं त्या बाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

"आज आलोय तर एक शंका आहे," गृहस्थ तिला सावरायला वेळ देत म्हणाले. "तो सहावा प्रकार. डावा हात उजव्या खांद्यामागून न्यायचा, उजव्या टाचेकडे बघायचं आणि वळायचं मात्र डावीकडे. नऊ वर्षं प्रयत्न करतोय. आम्ही दोनदा पडलोय."

"खरं सांगू?" तिचा आवाज परत आला. "तो मलाही कळलेला नाही. म्हणून तर आज गाळला."

तिघंही एकमेकांकडे बघू लागली. मग गृहस्थांनी खांद्यावरचा नॅपकिन पत्नीच्या हातात दिला.

"डावा हात कुठून म्हणालात?"

"थांबा," निवेदिका म्हणाली आणि त्या जवळजवळ रिकाम्या अंगणात त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "तुम्ही माझा दंड धरा. आणि ताई, तुम्ही यांना धरा. पडलोच, तर तिघं मिळून पडू."