भेकर खोटं बोलत नाही

दाजी अख्ख्या जंगलाचा दाजी. खरं तर तो एकट्या स्टेपनीचा, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचा दाजी. पण जीप मेहुणा चालवायचा, गाइड म्हणून दाजी शेजारी बसायचा, आणि दिवसभर "दाजी, डावीकडे घेऊ? दाजी, चहा सांगू?" चालायचं. ऐकून ऐकून गेटवाले, कॅन्टीनवाले सगळेच दाजी म्हणायला लागले. आणि मेहुणा सदा मागे लटकलेला, म्हणून तो स्टेपनी.

त्या सकाळी मागच्या सीटवर एक बाई आणि त्यांचा नवरा. बाईंनी विचारलं, "दाजी, तुमचा लाडका प्राणी कोणता हो?"

या प्रश्नावर दाजी नेहमी फुलायचा. "बिबट्या तुम्हाला, बाई. फोटो काढा, घरी दाखवा. मला आवडतं साळिंदर. नव्या नवरीसारखं खुळखुळत जातं. पाणमांजरही आवडतं. आमच्या मेहुण्यासारखं, खायला वर आणि कामाला बुडी! पण जीव म्हणाल तर भेकरावर. हरणातलं बारकं, पण भुंकतं कुत्र्यासारखं. धोका दिसला की त्याच्याकडे तोंड करूनच भुंकणार. आम्ही त्याला कॉल म्हणतो. माकडं उगाच बोंबलतात. भेकर खोटं बोलत नाही."

बाई हसल्या. स्टेपनी हसला नाही.

महिन्यापूर्वी धुक्यात जीप ओढ्यात रुतली होती. वाट शोधायला दोघं दोन बाजूंना गेले. दाजी भरकटला, एका झाडाखाली टेकला, जरा डोळा लागला. भानावर आला तेव्हा ऊन पडलं होतं आणि तो जीपशेजारी उभा होता. कसा आला ते आठवेना. तेवढ्यात झाडीतून स्टेपनी धावत आला, पांढराफटक.

तेव्हापासून स्टेपनी बिघडला. घरात जेवेना. झोपायचा दारासमोर जीपमध्ये. आरशातून दाजीकडे टक लावून बघायचा. घरचं कुत्रं पायरी चढेना. आणि भेकरं या जीपवर भुंकायला लागली. आसपास बिबट्या नाही, काही नाही, तरी जीपवर!

दाजीची पोरगी मामाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. परवा म्हणाली, "बाबा, मी मामाजवळ जीपमध्ये झोपू?" दाजीनं तिला हाताला धरून आत नेलं. त्या दिवशी झाडीतून आलं ते नक्की स्टेपनीच होतं का? आज याचा निकाल लावायचाच होता.

पाणवठ्यापाशी भेकर उभं होतं. जीप दिसली आणि त्यानं कॉल सुरू केला.

दाजी हळूच म्हणाला, "स्टेपनी, मागचं चाक बसलंय वाटतं. उतरून बघ."

"इथे उतरायला बंदी आहे, दाजी."

"मलाच शिकव! उतर."

स्टेपनीनं त्याच्याकडे एकदा बघितलं. उतरला, पण चाकाकडे वळलाच नाही. सरळ पाणवठ्याकडे चालत गेला, भेकराच्या जवळून. भेकरानं कानही हलवला नाही. तोंड जीपकडेच. भुंकणं चालूच.

"आमच्यावर रागावलंय का हो?" बाईंचा नवरा म्हणाला.

"बसून राहा," दाजी म्हणाला, आणि स्वतः उतरला. बाजूला गेला. भेकराची मान त्याच्याबरोबर वळली. उलटा फिरला. मान पुन्हा वळली.

स्टेपनी जवळ येऊन उभा राहिला.

"तुला माहीत होतं?" दाजीनं विचारलं.

"धुक्यात तुम्ही झाडाखाली सापडला होतात. गार, श्वास नाही. मी माणसं बोलवायला पळालो, तर तुम्ही जीपशेजारी उभे. 'दाजी' म्हणून हाक मारली. तुम्ही ओ दिलीत."

"आणि तू दारात झोपतोस ते?"

"पोरगी आत असते ना."

"तुझ्या ताईला?"

"नाही सांगितलं. काय सांगू?"

दाजीनं आपले हात उलटसुलट करून बघितले. तेच हात. नखाखाली तीच वंगणाची काळी रेघ. मग त्यानं खिशातून घराची किल्ली काढून मेहुण्याच्या मुठीत कोंबली.

"आजपासून आत झोप. आणि दार लावून घे. मी हाक मारली तरी उघडू नकोस."

"कुठे निघालात?"

"त्या झाडाकडे. तिथे कोण पडलंय, बघायला नको?"

स्टेपनीनं किल्ली खिशात टाकली. "पोरीला काय सांगू, दाजी?"

"साळिंदर बघायला गेलाय म्हण."

जीप वळून निघून गेली. भेकराचं तोंड तिच्याबरोबर वळलं नाही.