दगडी भिंत शमालला निघाली

कतारमध्ये, फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत रिफतने तुर्कस्तानातल्या एका गावची वेस कोरून ठेवली होती, तीही थर्मोकोलमध्ये. लग्नांची स्टेजं सजवून तिचा हात चांगला बसला होता, पण कमानी आणि बदाम कोरून कोरून ती पार विटली होती. तेवढ्यात देशाच्या पार उत्तर टोकाला, मदिनत अश शमाल गावात हॉटेल काढणारी नेरिमानबाई भेटली.

नेरिमानबाई तुर्कस्तानातल्या चोरुमची. तिच्या माहेराजवळ तीन हजार वर्षांपूर्वीच्या हित्ती राजांच्या काळची वेस आहे आणि वेशीच्या भिंतींना कोरीव दगडी फळ्या आहेत. तिने मोबाइलवर त्या फळ्यांचे फोटो दाखवले. त्यात कुठलासा सण चाललेला. एक जण हात न लावता शिडी चढतोय, दुसरा तलवार गिळतोय, तिसरा तारा छेडतोय. सगळ्यांची नाकं भली थोरली.

"माणूस माझ्या दारात आला की जत्रेत आल्यासारखं वाटलं पाहिजे," तशीच भिंत मागत बाई हिंदीत म्हणाली.

रिफत त्या शिडीवाल्याच्या प्रेमातच पडली. तिने गरम तारेने आकार कापले, सँडपेपर घासून पोटऱ्या गोल केल्या, डिंकावर वाळू भुरभुरवली आणि वर करडा रंग दिला. फळ्या अशा वजनदार दिसू लागल्या की तिचा नवरा इरशाद त्यांच्या शेजारून पायाची बोटं सांभाळून जायचा.

इरशाद हर्णैचा, पिढीजात होडीवाल्यांच्या घरातला. शुक्रवारी त्याने मित्राची पिकअप आणली, फळ्या रचल्या आणि दोरी करकचून आवळली.

"आमच्या गाठी दर्यात सुटत नाहीत, अगो!"

गाठ सुटली नाहीच. वाटेत अल खोर गावाच्या पुढे उत्तरेचा वारा भणाणू लागला, म्हणून त्याने पेट्रोलपंपावर गाडी घेतली आणि दोरीला आणखी एक पीळ दिला. तशी दोरी लोण्यातून सुरी जावी तशी थर्मोकोलमधून आरपार गेली. गाठ शाबूत, आणि शिडीवाली फळी आभाळात.

"पकडा! अहो, पकडा!" रिफत धावली. अंगावरचा अबाया शिडासारखा फुगलेला, एक चप्पल मागेच राहिली. पंपावरच्या लोकांना दिसत होता तो एवढा मोठा दगड, गिरक्या घेत येणारा. कोणी गाडीखाली शिरलं, कोणी चहाचा कप टाकून पळालं. एक धिप्पाड कतारी गृहस्थ मात्र आपल्या गाडीतून नुकतेच उतरत होते. त्यांना पळायला वेळच मिळाला नाही. त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केले, तोंडाने काहीतरी पुटपुटले.

टप्. फळी त्यांच्या पोटावर येऊन थांबली.

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. फळी उचलली. एका हाताने. मग एका बोटावर.

"ये पत्थर?"

"नहीं, थर्मोकोल," रिफत धापा टाकत म्हणाली. खरं तर तिला रडू यायला हवं होतं. शिडीवाल्याच्या कमरेतून सरळ तडा गेला होता. पण ते बोटावरचं धूड पाहून तिला असं काही हसू फुटलं की ती पिकअपच्या चाकाला टेकून खालीच बसली. कतारी गृहस्थही गदगदून हसू लागले. लपलेले लोक एकेक करून बाहेर आले. मग काय, जो तो फळी डोक्यावर तोलून पहिलवानासारखे फोटो काढून घेऊ लागला. पंपावरचा नेपाळी कामगार तर ती नाकावर तोलायला निघाला.

त्या गृहस्थांचं नाव जासिम. त्यांच्या गाडीमागे घोडा न्यायचा बंद ट्रेलर होता, रिकामाच. "यल्ला, चला!" म्हणत त्यांनी सगळ्या फळ्या आत चढवल्या. फळ्यांवरचे राजाराणी, बैल, वाजंत्री गवताच्या वासात शमालला निघाले आणि मागून रिकामी पिकअप. "गाठीला दोष नाय हां," इरशाद म्हणाला आणि रिफत पुन्हा हसत सुटली.

हॉटेलच्या दारात पोचल्यावर त्यांनी फळ्या उतरवल्या. नेरिमानबाई तडा गेलेल्या फळीपुढे उभी राहिली. तड्यावरून बोट फिरवू लागली.

"मी बुजवते. कळणारसुद्धा नाही," रिफत घाईघाईने म्हणाली.

"हात लावू नकोस!" बाई ओरडली आणि तिने रिफतला घट्ट मिठी मारली. "आमच्या वेशीवरही भेगा आहेत गं. लहानपणी मी त्यांत बोट घालायची."

भिंत उभी राहिली. इतकी अस्सल की जासिमशेठ, सगळं माहीत असूनही, तिच्याखाली जरा जपून बसले. कबाबांचा वास सुटला. कोणीतरी तुर्की गाणं लावलं आणि नेरिमानबाई कमरेवर हात ठेवून नाचू लागली. मग ती समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवून ओरडली, "तिथे सिंह हवेत!"

किती मोठे, कधीपर्यंत, काही न विचारता रिफत "हो!" म्हणाली. तिने इरशादचा हात धरून त्याला उठवलं. आपल्या लग्नातही जागचा न हललेला तो माणूस लाजत, खाली बघत दोन पावलं नाचला. मग त्याने तिसरं टाकलं.